डोळ्याच्या आतल्या भिंतींनाही कान असतात: संप्रेरकं, रिसेप्टर आणि काचबिंदू

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई 51 वर्षांच्या, मराठवाड्यात माध्यमिक शाळेत शिक्षिका. 39व्या वर्षी पिशवी काढली, "सोबत दोन्ही अंडाशयही काढले असावेत, नक्की आठवत नाही". चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या तर डोळ्याचं प्रेशर उजवीकडे 24 आणि डावीकडे 26 निघालं. नस जरा खोल दिसते म्हणून काचबिंदूचा संशय सांगितला. आईची नजर काचबिंदूनेच गेली होती. डोळ्यात इस्ट्रोजेनचे, म्हणजे अंडाशयात बनणाऱ्या संप्रेरकाचे (हार्मोनचे), रिसेप्टर असतात असं त्यांच्या वाचनात आलं. त्या विचारतात, माझे हार्मोन गेले म्हणून हे झालं का, आणि हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर प्रेशर उतरेल का? अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे: "वांगासाठी एक क्रीम सहा-सात वर्षं लावते, बाकी कसलंही औषध चालू नाही."

ताई, मी 27 वर्षं काचबिंदूचेच रुग्ण बघतोय. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे शेवटचं आहे. त्याच्याकडे येतोच, पण गोळ्यांचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. काचबिंदूवरचं औषध म्हणून इस्ट्रोजेन दिलं जात नाही, आणि तुमच्या वयाला फक्त डोळ्यांसाठी ते सुरू करू नये. म्हणजे तुमची शंका चुकीची आहे असं मात्र नाही.

भिंतीला कान असतात म्हणतात. डोळ्याच्या आतल्या भिंतींना तर ते खरोखरच असतात. संप्रेरक म्हणजे रक्तातून गावभर पिटलेली दवंडी. ती सगळ्यांच्या दारावरून जाते, पण ज्या पेशीला त्या दवंडीचा कान आहे तीच हलते. त्या कानाला आम्ही रिसेप्टर म्हणतो. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन, कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन, मेलाटोनिन, या सगळ्यांचे कान माणसाच्या डोळ्यात सापडले आहेत. आता कान आहे एवढ्यावरून ऐकून पेशी काय करते हे कळत नाही, आणि बाहेरून गोळी देऊन तीच दवंडी पुन्हा पिटली तर फायदा होईल हे तर त्याहून कळत नाही. वर्तमानपत्री आरोग्य-सदरांची गाडी नेमकी इथेच घसरते.

डोळ्यातलं पाणी कसं फिरतं ते आधी बघू. अश्रू नव्हेत, ते बाहेरचे. रंगीत पडद्याच्या, म्हणजे आयरिसच्या मागे सिलिअरी बॉडी नावाची गोल झालर असते. ती दिवसा मिनिटाला साधारण 2.5 मायक्रोलिटर पाणी तयार करते. म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबाएवढं पाणी जमायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे पाणी बाहुलीतून पुढे येतं, कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, आणि आयरिस जिथे भेटतात त्या कोपऱ्यात जातं, आणि तिथल्या बारीक जाळीतून झिरपून श्लेमच्या नलिकेत, मग रक्तात. आरशाच्या खास भिंगातून बघितलं तर ही जाळी फिकट तपकिरी पट्ट्यासारखी दिसते, मेंदीचा हात पुसट झाल्यावर उरते तशी. येणारं पाणी तेवढंच राहिलं आणि जाळी तुंबली की दाब चढतो. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर हा नेहमीचा पट्टा. चढलेल्या दाबाखाली डोळ्याच्या नसेतले दहा-बारा लाख तंतू एकेक करून मरत जातात आणि मेलेला तंतू परत येत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. म्हणून तर दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू निघालेल्या दहापैकी नऊ जणांना तो आपल्याला आहे याचा पत्ताच नव्हता.

त्या जाळीतल्या पेशींना कॉर्टिसॉलचा कान फार तिखट आहे. कॉर्टिसॉल हे आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचं संप्रेरक. औषधाच्या दुकानात मिळणारं प्रत्येक स्टेरॉइड, मग ते प्रेडनिसोलोन असो की डेक्सामेथासोन, बीटामेथासोन की क्लोबेटासॉल, याच कानात बोलतं. स्टेरॉइडचा रेणू पेशीत शिरतो, रिसेप्टरला चिकटतो, दोघं मिळून केंद्रकात जातात आणि पेशीने कोणती प्रथिनं बनवायची याची यादीच बदलून टाकतात. फायब्रोनेक्टिनसारखी चिवट प्रथिनं जाळीत साचू लागतात. ती साफ करणारी विकरं मंदावतात. पेशीच्या आतले अ‍ॅक्टिनचे धागे एकमेकांत गुंतून ताठ होतात. मोरीच्या जाळीवर केस आणि साबण बसत जावा तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की मोरी तुंबली तर घरभर पाणी होतं, इथे काहीच दिसत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, डोळा उलट छान पांढरा राहतो.

सगळ्यांचं असं होत नाही. 1960च्या दशकात अमेरिकेत आर्माली आणि बेकर यांनी स्वतंत्रपणे, धडधाकट माणसांच्या डोळ्यात दिवसातून तीन-चार वेळा असे चार आठवडे स्टेरॉइडचे थेंब टाकून बघितले. साधारण एक तृतीयांश लोकांचा दाब मध्यम चढला, आणि शंभरातल्या पाचेक जणांचा 15 मिलिमीटरपेक्षाही जास्त. ज्यांना आधीच काचबिंदू होता त्यांच्यात मात्र जवळजवळ सगळ्यांचाच चढला. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, ज्यांना मोठा मायनस नंबर किंवा मधुमेह आहे, आणि लहान मुलं, यांचा कान जास्त तिखट असतो. याची एक पेशीतली बाजूही सापडली आहे. या रिसेप्टरची दोन रूपं असतात. अल्फा ऐकतो, बीटा त्याला आवर घालतो. काचबिंदू असलेल्या डोळ्यांमधल्या जाळीच्या पेशींत बीटा कमी आढळला.

काचबिंदूचं पहिलं मोठं जनुक हाती लागलं तेही या वाटेने. जाळीच्या पेशींवर डेक्सामेथासोन टाकल्यावर एक प्रथिन भरभरून तयार होतं हे संशोधकांना दिसलं होतं. 1997 मध्ये कळलं की त्याच प्रथिनाच्या जनुकात दोष असला की काही घराण्यांत ऐन तारुण्यात काचबिंदू होतो. आता त्याला मायोसिलिन म्हणतात.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक 14 वर्षांचा मुलगा आला होता. दर उन्हाळ्यात डोळे खाजायचे, चिकट धागे यायचे, ही मुलांमधली नेहमीची अ‍ॅलर्जी. कुणीतरी एकदा थेंब लिहून दिले होते. त्यानंतर चार उन्हाळे तीच बाटली दुकानातून येत राहिली, कारण टाकली की दोन दिवसांत डोळे शुभ्र. वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती काढून टेबलावर ठेवली. लेबल बोटांनी झिजलेलं, पण "डेक्सा" एवढं वाचता येत होतं. प्रेशर उजवीकडे 44, डावीकडे 40. मी नस बघितली आणि मग थोडा वेळ उगाचच कागदावर लिहीत बसलो, कारण वडिलांकडे बघायला धीर होत नव्हता. "क्रिकेटमध्ये बाजूने आलेला चेंडू सोडतो हल्ली, आम्हाला वाटलं लक्ष नाही," असं ते म्हणाले. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागलं. उरलेली नजर टिकली आहे, गेलेली गेली.

आता तुमचं क्रीम. वांगासाठी बाजारात जी ट्यूब सर्रास मिळते तिच्यात पुष्कळदा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. यातलं तिसरं स्टेरॉइड. "गोरं करणाऱ्या" कित्येक क्रीममध्ये तर त्याहून जहाल असतं. चेहऱ्यावर चोळलेलं मलम पापण्यांच्या पातळ कातडीतून आत जातं, घामाबरोबर डोळ्यातही उतरतं. पापण्यांभोवती वर्षानुवर्षं असं मलम लावून काचबिंदू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर तरी.

मी स्वतः यात एकदा फसलो आहे. एका बाईंना मी सहा महिने आधी एक, मग दोन, मग तीन थेंब वाढवत नेले, प्रेशर काही खाली येईना. "दुसरं काही औषध?" असं दर वेळी विचारायचो, त्या "नाही" म्हणायच्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. क्रीमला कोण औषध म्हणतं? एकदा सोबत आलेली मुलगी सहज म्हणाली, "आई झोपताना चेहऱ्याला लावते ते सांग की." तेव्हापासून मी औषध हा शब्दच वापरत नाही. विचारतो, "अंगाला, तोंडाला, नाकात, डोळ्यात काय काय लावता, ओढता, टाकता? सांधेदुखीची पुडी घेता का?" पुडी मुद्दाम विचारतो. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या "जडीबुटी"च्या काही पुड्यांमध्ये सरळसरळ स्टेरॉइड मिसळलेलं निघतं.

तुमची ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एकदम बंद केलं तर चेहरा लाल होऊन भडकतो, म्हणून त्यांच्या सल्ल्याने सोडा. स्टेरॉइडने चढलेला दाब ते थांबवल्यावर बहुतेकदा एक ते चार आठवड्यांत उतरतो. वर्षानुवर्षं लावलेलं असेल तर कधी कधी उतरतही नाही. म्हणून क्रीम सुटल्यावर महिना-दीड महिन्याने प्रेशर पुन्हा मोजून घ्या. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: दम्याचा पंप किंवा डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या या लेखाच्या भरवशावर बंद करू नका. गोळ्या अचानक सोडल्या तर जिवावर बेतू शकतं. फक्त डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या.

आता इस्ट्रोजेन. त्याच्या कानाची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं. ती रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात आहेत, नसेचे तंतू ज्या पेशींतून निघतात त्या गँगलियन पेशींत आहेत, पाणी बनवणाऱ्या झालरीतही आहेत. इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतात, त्याने वाहिन्या सैलावतात, आणि पाण्याच्या निचऱ्याची वाटही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गँगलियन पेशी इस्ट्रोजेनच्या छायेत जास्त तग धरतात. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, डोळ्याचा दाब दोन-तीन मिलिमीटरने उतरतो हे तर रोजच्या ओपीडीतही दिसतं. तिथे प्रोजेस्टेरोनचाही हात असावा, ते कॉर्टिसॉलच्या कानात बोळा घालतं असं एक स्पष्टीकरण आहे.

मग ज्यांचं इस्ट्रोजेन लवकर गेलं त्यांचं काय? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात, 2001 साली, 45च्या आत पाळी गेलेल्या स्त्रियांत उघड्या कोनाचा काचबिंदू (निचऱ्याचा तो कोपरा उघडा असूनही होणारा) 50 किंवा त्यानंतर पाळी गेलेल्यांच्या मानाने सुमारे अडीच पट आढळला. तुमच्या अगदी जवळचा पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीतला आहे, 2014 मध्ये छापलेला. दोन्ही अंडाशय काढलेल्या सगळ्या स्त्रिया एकत्र घेतल्या तर काचबिंदूचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण ज्यांचे अंडाशय 43च्या आत काढले होते त्यांच्यात ते सुमारे दीडपटीहून थोडं जास्त होतं. आणि त्याच अभ्यासात, अशा स्त्रियांनी पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलं तरी हा वाढीव धोका कमी झालेला दिसला नाही.

गोळ्यांच्या बाजूने बोलणारे आकडेही आहेत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दीड लाखावर स्त्रियांच्या विमा-नोंदी तपासल्या, तर नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत प्रत्येक महिन्यामागे धोका 0.4 टक्क्यांनी कमी दिसला. इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरोनही घेणाऱ्यांत मात्र नाही. आता यात एक गोम आहे. हार्मोन घेणारी बाई ही बहुधा डॉक्टरांकडे नियमित जाणारी, परवडणारी, तब्येतीची काळजी घेणारी बाई असते. हा गुंता सोडवायचा तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी द्यावी लागते. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अमेरिकन चाचणीत ते झालं. तिथे इस्ट्रोजेनने डोळ्याचा दाब उतरला, पण किती? सुमारे अर्धा मिलिमीटर. प्रेशर मोजायच्या यंत्राची चूक त्याहून जास्त असते, आणि साधा काचबिंदूचा थेंब सहा-सात मिलिमीटर उतरवतो. याच चाचणीचा दोन हार्मोनांचा भाग 2002 मध्ये मधेच थांबवला, कारण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या होत्या. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी हा सौदा कुणाला सांगणार नाही.

चाळिशीच्या आत अंडाशय काढलेल्या स्त्रीला हाडं आणि हृदय सांभाळायला नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यायचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञ करतात, तो वेगळा आणि योग्य निर्णय आहे. तुमच्या बाबतीत ते वय आता उलटलं.

इथे तुमच्याच भागातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी ऐन उमेदीतल्या. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर इस्ट्रोजेन लगेच संपत नाही, अंडाशय फार तर काही वर्षं आधी थकतात. दोन्ही काढले तर ते एका दिवसात संपतं. आणि बहुतेक बायांना आपलं नेमकं काय काढलं हेच सांगितलेलं नसतं, शिकलेल्या तुम्हालाही आठवत नाही. या सगळ्या जणी आता काचबिंदूच्या वयाला येतायत. त्यांच्या हाडांचं कुणी थोडंफार बोलतं, डोळ्यांचं मी कुठे ऐकलेलं नाही.

एका गैरसमजाबद्दल दोन वाक्यं. आपल्याकडे बंद कोनाचा काचबिंदू बायकांत जास्त, म्हणून तो हार्मोनचा, असं कुणी सांगेल. तो मुख्यतः मापाचा प्रश्न आहे. बायकांचा डोळा थोडा आखूड आणि त्याचा पुढचा कप्पा उथळ असतो, वय वाढतं तसं भिंग जाड होऊन कोपरा चिंचोळा करतं. तुमचा कोन उघडा आहे की बंद हे तुमच्या कागदांत कुठेच दिसलं नाही. गोनिओस्कोपी करून घ्या, मघाशी म्हटलं ते आरशाचं भिंग. बंद निघाला तर लेझरने आयरिसला बारीक भोक पाडतात, सगळी दिशाच बदलते.

गंमत म्हणजे रिसेप्टरांचा खरा उपयोग आम्ही रोज करतोच, फक्त त्याला कुणी हार्मोनचा उपचार म्हणत नाही. पाणी बनवणाऱ्या झालरीला अ‍ॅड्रेनॅलिनचा बीटा-2 कान आहे. टिमोलोलचा थेंब त्या कानावर हात ठेवतो आणि पाणी कमी बनतं. अमेरिकेत तो 1978 पासून आहे. पण तोच कान फुप्फुसातही असतो, म्हणून दमा असलेल्या माणसाला टिमोलोलचा एक थेंब धाप लावू शकतो. आणि झोपेत अ‍ॅड्रेनॅलिन उतरलेलं असतं, पाणी तसंही निम्म्यावर आलेलं असतं, त्यामुळे रात्रीचा टिमोलोल फारसं काम करत नाही. मी तो सकाळी देतो.

प्रोस्टाग्लँडिनची कथा आणखी मजेदार. ही अंगात जिथल्या तिथे बनणारी, शेजारच्या पेशीशीच बोलणारी संप्रेरकं. सशाच्या डोळ्यात ती टाकली की सूज यायची, दाब चढायचा, म्हणून सगळे त्यांना खलनायक समजत. कोलंबिया विद्यापीठात मूळचे बुडापेस्टचे लास्लो बिटो यांनी मात्रा अगदी कमी करून बघितली, तर दाब उतरला. त्यातून 1996 मध्ये लॅटानोप्रोस्ट बाजारात आलं. आज बहुतेक रुग्णांचा पहिला थेंब हाच. सिलिअरी स्नायूतल्या एफपी नावाच्या कानात तो बोलतो, स्नायूतल्या धाग्यांमधली जागा मोकळी होते, आणि पाण्याला जाळी टाळून दुसरी वाट मिळते. पापण्यांचे केसही लांब होतात, कारण तिथेही तोच कान आहे. एकाच डोळ्यात टाकणाऱ्यांना हा फरक आरशात दिसतो आणि ते घाबरून फोन करतात.

मेलाटोनिनचे कान त्याच झालरीत आहेत, छोट्या अभ्यासांत त्याने दाब थोडा उतरलाही, पण झोपेची गोळी म्हणून ते घेत असाल तर त्याला काचबिंदूचं औषध समजू नका. थायरॉइडच्या आजारात कान डोळ्याच्या मागच्या चरबीतल्या पेशींचे असतात. डोळे पुढे येतात, वर बघताना दाब चढतो, आणि घाईत तो काचबिंदू ठरवला जातो.

थेंब सुरू झालाच तर तो टाकायचा कसा हे कुणी दाखवत नाही, म्हणून लिहितो. खालची पापणी ओढून एकच थेंब. डोळा मिटा, मिचकावू नका, आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. तिथून अश्रूंची नळी नाकात जाते, उघडी ठेवली तर औषध रक्तात जाऊन नको त्या कानांत बोलतं. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

पुढच्या तपासणीला जाताना तीन वस्तू पिशवीत टाका. क्रीमची ट्यूब, रिकामी झालेली असली तरी. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आणि ते सापडलं नाही तर त्या दवाखान्यातून नक्कल मागून घ्या, अंडाशय काढले की नाही हे त्यावर लिहिलेलं असतं. आणि आईचे जुने कागद असतील तर तेही. कॉर्नियाची जाडी मोजायला सांगा, जाड कॉर्नियावर 26 हा आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसू शकतो. नजरेच्या क्षेत्राची तपासणी आणि नसेचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने थर मोजणारा स्कॅन, एकदा होऊ द्या. तुमची धाकटी बहीण आहे असं लिहिलंय. तिलाही सोबत न्या, आणि ती चेहऱ्याला काय लावते ते वाटेत विचारा.